पिवळे फ्लोट लावले की गाळ अडतोच?

पाण्यात पुलाचं काम चालू असताना पिवळे फ्लोट (पाण्यावर तरंगणारे तुकडे) लावले की सगळा गाळ आतच राहतो, असं बरीच वर्षं फॉरवर्ड होतंय. समज साहजिक आहे, पण तसं होत नाही.

फ्लोटखाली कापडी पडदा लोंबतो, खालच्या कडेला वजनाला साखळी, आणि तो सहसा तळाला टेकवत नाहीत कारण भरती-ओहोटीत घासून उलट गाळ उठेल. त्याचं खरं काम आतलं पाणी शांत ठेवणं, म्हणजे गाळ तिथेच बसतो. बारीक वाळू मीटरभर खाली जायला दोनेक मिनिटं पुरतात, पण अगदी बारीक चिकणमातीला दिवस लागतात, आणि पाण्याची ओढ एक-दीड नॉटच्या (ताशी साधारण दोन-तीन किलोमीटरच्या) वर गेली की साधा पडदा फुगून उचलला जातो नि गढूळ पाणी खालून सटकतं.

तपासायचंय? पडद्याच्या लगेच बाहेरचं आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाचं पाणी एकाच वेळी दोन पारदर्शक बाटल्यांत घ्या, उजेडात शेजारी धरा. पहिली बाटली जास्त गढूळ दिसली तर गाळ निसटत असण्याची दाट शक्यता आहे.