विद्युतचुंबक आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तन: नुसता चुंबक ठेवून करंट येत नाही!

तो व्हिडिओ परत परत फिरत येतोच. स्पीकरचा गोल चुंबक, त्याला तांब्याची तार गुंडाळलेली, टोकांना एलईडी आणि तो चक्क पेटलेला, वर लिहिलेलं 'फुकट वीज'. दिवा पेटतो कारण कुठेतरी सेल लपवलेला असतो, बाकी काही नाही. पण पोरं विचारतात की करंटने चुंबक बनतो तर चुंबकाने करंट का नाही बनणार, आणि हा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे.

विद्युतचुंबक, म्हणजे करंटने बनणारा चुंबक, सगळ्यांनी केलेला असतो. खिळा, तार, सेल, टाचण्या. 1820 साली कोपनहेगनमध्ये ओर्स्टेड या शास्त्रज्ञाला करंटच्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळलेली दिसली, तिथून हे सुरू झालं. वेढे वाढवा, करंट वाढवा, जोर वाढतो. सेल काढला की टाचण्या पडतात (एखाददुसरी चिकटून राहते, कारण खिळा पोलादाचा असतो, त्यात थोडं चुंबकत्व उरतं). एवढंच लक्षात ठेवा की इथे करंट एकसारखा, न बदलता वाहत असला तरी चुंबकत्व मिळत राहतं.

प्रवर्तनात, म्हणजे चुंबकाने करंट तयार करण्यात, नेमकं इथेच घोडं अडतं. कॉइलमध्ये कितीही तगडा चुंबक ठेवा, वर्षभर ठेवा, करंट शून्य. करंट येतो तो फक्त कॉइलमधून जाणाऱ्या चुंबकीय रेषा वाढत किंवा कमी होत असताना. जिनिव्हाच्या कोलाडॉन या शास्त्रज्ञाने 1825 मध्ये हा प्रयोग केला होता, पण चुंबकाचा थेट परिणाम सुईवर होऊ नये म्हणून गॅल्व्हानोमीटर (करंट आला की ज्याची सुई हलते ते यंत्र) लांब तारा जोडून दुसऱ्या खोलीत ठेवला, म्हणजे चुंबक कॉइलमध्ये सरकवायचा आणि मग चालत जाऊन सुई बघायची, तोवर सुई शून्यावर परत! शोध हातातून निसटला. 29 ऑगस्ट 1831 ला फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळल्या, एकीला बॅटरी जोडली तर दुसरीकडची सुई हलली आणि परत जागेवर आली, बॅटरी काढली तेव्हा उलटीकडे हलली. मधे बॅटरी जोडलेली होती, करंट वाहत होता, पण सुई ढिम्म.

आणि कृपा करून 'चुंबक हलवला की करंट येतो' असंही पाठ करू नका, क्लासच्या नोट्समध्ये हे बघून माझं डोकं फिरतं. चुंबक आणि कॉइल दोन्ही एकत्र हलवा, काही नाही. सगळीकडे सारख्याच असलेल्या क्षेत्रात कॉइल न वळवता नुसती सरकवा, तरी काही नाही, कारण आतल्या रेषा तेवढ्याच राहतात. उलट फॅरेडेच्या कड्यात तर काहीच हलत नव्हतं, तरी करंट आला. हालचाल हा बदल घडवायचा एक मार्ग आहे, कारण नव्हे. जनित्रात तर अजून गंमत, कॉइलमधून सगळ्यात जास्त रेषा जातात त्या क्षणी करंट शून्य असतो, कारण तेव्हा रेषा वाढायच्या थांबून कमी व्हायला लागणार असतात.

मग ऊर्जा कुठून येते? चुंबकातून नाही. चुंबक आत ढकलताना कॉइलमध्ये तयार झालेला करंट त्यालाच विरोध करतो, हा लेंझचा नियम, आणि त्या विरोधाविरुद्ध तुम्ही लावलेला जोर म्हणजेच तुमची वीज. जुन्या सायकलचा डायनामो चाकाला टेकवला की पायडल जड लागायचं, बिल तिथे भरलं जायचं. कोयनेत ते धरणातलं पाणी भरतं.

फ्लेमिंगचे हात (बोटांनी दिशा ओळखायचे नियम): डावा मोटरला, उजवा जनित्राला, पुढे चला, याच्यावर अख्खा तास घालवणाऱ्यांना माझा नमस्कार.

ट्रान्सफॉर्मरला सेल जोडून व्होल्टेज वाढवायला निघालेले पण याच घोळातले. जोडताना आणि काढताना एकेक झटका मिळेल, मधे काही नाही, सेल जोडलेली (प्रायमरी) कॉइल तेवढी तापेल. घरातला एसी करंट (सतत दिशा बदलणारा) सेकंदाला 50 आवर्तनं करतो म्हणून तिथे बदल आपोआप होत राहतो आणि ट्रान्सफॉर्मर चालतो.