बिकिनीचं शहाळं

‘बिकिनी बेटावर पुन्हा माड डोलतायत, म्हणजे किरणोत्सार संपला’ हा फॉरवर्ड अधूनमधून येतोच. फोटो खरा, निष्कर्ष नाही. मार्शल बेटांतल्या या कंकणद्वीपावर (मधल्या समुद्राच्या पाण्याभोवतीच्या प्रवाळाच्या कड्यावर) १९४६ ते १९५८ दरम्यान २३ अणुचाचण्या झाल्या. खारकच्छाच्या, म्हणजे त्या मधल्या पाण्याच्या, गाळात प्लुटोनियम आहे, मातीत किरणोत्सारी सीझियम-१३७. सीझियमचं अर्धायुष्य साधारण ३० वर्षं. स्वतःच हिशेब करा: १९५४चं सीझियम १९८४ला निम्मं, २०१४ला पाव. शून्य नव्हे. त्यात प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम फार कमी. भुकेला माड पोटॅशियमसारखंच वागणारं सीझियम मुळांनी ओढतो आणि ते शहाळ्यात, खोबऱ्यात उतरतं. म्हणून तिथे नुसतं फिरण्यापेक्षा तिथलं खाणं जास्त धोक्याचं. चाचण्यांनंतर परतलेल्या रहिवाशांना १९७८मध्ये याच कारणानं पुन्हा हलवावं लागलं. माडाची टवटवी यातलं काही सांगत नाही. खोबऱ्याचा नमुना गॅमा मोजणीला लावला, म्हणजे त्यातून निघणारे गॅमा किरण मोजले, की कळतं.