फॉर्म बी: जानेवारी-जुलैचा कागद आणि त्याआधीची जिन्यावरची फेरी

जुलै उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतं, "फॉर्म बी गेला का?" सेक्रेटरी लिहितात, "एजन्सीवाल्याला सांगितलंय." त्यावर चार अंगठे पडतात आणि विषय संपतो. एजन्सीवाला येतो, आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा कागद गेटवरच देतो, चेक घेतो आणि जातो. जिना कोणी चढत नाही.

हा कागद येतो महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 मधून. इमारतीत बसवलेली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी कलम 3 मालकावर आणि भोगवटादारावर टाकतं. ती चालू आहे असं लायसन्सधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यात, अग्निशमन विभागाकडे द्यायचं असतं. तोच फॉर्म बी. फॉर्म ए वेगळा: यंत्रणा नियमाप्रमाणे बसवली आहे, असं सांगणारा. आणि दोन्हींपैकी कुठलाही कागद म्हणजे फायर एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, नव्हे. ती अग्निशमन विभाग देतो, बहुतेक वेळा बिल्डरच्या नावाने, आणि इमारतीत काय काय असायला हवं ते तिच्यातच लिहिलेलं असतं.

फॉर्म बी कोणी द्यायचा? सोसायटी नोंदलेली असेल तर कमिटीने, म्हणजे अध्यक्ष किंवा सेक्रेटरीच्या सहीने. सोसायटी झालेली नसेल तर बिल्डरने, आणि भाडेकरूंच्या जुन्या इमारतीत मालकाने. "आमची इमारत छोटी आहे, आम्हाला नाही लागत" हे उत्तर मात्र परस्पर देऊ नये. 15 मीटरपेक्षा उंच इमारतींना यंत्रणा जास्त लागते हे खरं, पण आपल्याला नेमकं काय लागू आहे ते एनओसीत बघावं. एनओसी सापडतच नसेल तर जवळच्या अग्निशमन केंद्रात लेखी विचारावं. पालिका क्षेत्रात फॉर्म बी पालिकेच्या अग्निशमन विभागाकडे जातो. एमआयडीसी, सिडको, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांची स्वतःची अग्निशमन दलं आहेत. आपण कोणाच्या हद्दीत येतो, एवढं आधी पक्कं करा.

कागदांची फाइल एकदा नीट लावली की दर सहा महिन्यांनी धावाधाव होत नाही. अंतिम फायर एनओसी, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, मंजूर नकाशांची प्रत, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, फॉर्म ए, मागचा फॉर्म बी आणि त्याची पोच, एजन्सी नेमल्याचा कमिटीचा ठराव, देखभाल कराराची प्रत आणि एजन्सीच्या लायसन्सची झेरॉक्स. यातली एनओसी आणि नकाशे हमखास गहाळ असतात. हस्तांतराच्या वेळी बिल्डरकडून घेतले नसतील तर पालिकेकडे प्रती मागता येतात, गरज पडल्यास माहिती अधिकारात.

एजन्सी निवडताना ओळखीपेक्षा लायसन्स बघा. लायसन्स राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडून मिळतं आणि लायसन्सधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. मुदत संपलेली नाही ना, आणि आपल्याकडे जी यंत्रणा आहे त्या कामाची परवानगी लायसन्सवर आहे ना, या दोन गोष्टी तपासा. कोटेशनमध्ये तपासणी, दुरुस्ती आणि प्रमाणपत्र यांचे दर वेगवेगळे मागा. "फक्त फॉर्म बी, अमुक रुपये" असं एका ओळीचं कोटेशन आलं, तर तो माणूस जिना चढणार नाही हे तेव्हाच ओळखावं.

आता फेरी. एजन्सीच्या माणसाबरोबर कमिटीतलं एक तरी माणूस गच्चीपासून तळमजल्यापर्यंत चाललंच पाहिजे. आमच्या इमारतीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाचव्या मजल्यावरचा होजबॉक्स, म्हणजे आग विझवायच्या पाइपची पेटी, उघडायला किल्लीच सापडेना. उघडला तर आत केरसुणी आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब. होजपाइप घडीवर तडकलेला, आणि त्याच्या टोकाचं पितळी नोझल गायब. पितळाला भंगारात भाव मिळतो, त्यामुळे हे नोझल बऱ्याच इमारतींतून असंच नाहीसं होतं. त्याच्या आधीच्या जानेवारीत आमचा फॉर्म बी "सर्व यंत्रणा सुस्थितीत" म्हणून गेलेला होता.

आगीच्या पाण्याचा पंप नुसता बघू नका, चालवायला लावा. पॅनेलवरचा स्विच "ऑटो"वर आहे का? आमचा "मॅन्युअल"वर होता, कारण कधीतरी रात्री पंप आपोआप सुरू झाला होता आणि वॉचमनने कटकट नको म्हणून तो फिरवला होता. सर्वांत वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह उघडून पाण्याला जोर आहे का ते बघा. गच्चीवरची फायरची टाकी भरलेली असावी. पाणीकपातीत तीच पिण्याच्या पाण्याला जोडून टाकणारे महाभाग असतात. लाल सिलिंडरवर रिफिलची तारीख आणि काटा हिरव्या पट्ट्यात, हे तर कोणालाही बघता येतं.

यंत्रणेपेक्षा अवघड जागा म्हणजे जिना आणि पॅसेज, कारण तिथे पाण्याशी नाही, शेजाऱ्यांशी गाठ असते. चपलांचं कपाट, सायकल, जिन्याखाली रंगाचे डबे, मीटर रूममध्ये जुन्या गाद्या, गच्चीच्या दाराला कुलूप, धूर अडवणारं फायर डोअर उघडं राहावं म्हणून त्याला लावलेली वीट. 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी इमारतीत आग लागली ती खालच्या पार्किंगमध्ये. तिथे कापडाचे गठ्ठे आणि गाड्या होत्या. धूर वर चढला आणि किमान 7 जणांचा जीव गेला. सामायिक जागेतलं सामान हटवायचं तर तोंडी विनवणीत वेळ घालवू नये. सभेत ठराव करावा, मुदतीची लेखी नोटीस द्यावी आणि फेरीत जे दिसलं त्याचे फोटो तारखेसह फाइलला लावावेत.

दोष निघाले तर आधी दुरुस्ती, मग प्रमाणपत्र. फॉर्मवर एजन्सीची सही-शिक्का, लायसन्स क्रमांक आणि इमारतीचा पूर्ण पत्ता हवा. मग तो पालिकेच्या पद्धतीप्रमाणे, ऑनलाइन किंवा अग्निशमन केंद्रात, दाखल करायचा. पोच घ्या. पोचेवाचून "दिला होता" याला काही अर्थ नाही.

नाही दिला तर? अधिकारी तपासणीला येऊ शकतात, कलम 6 खाली नोटीस देऊ शकतात, आणि त्यावरही हालचाल नसेल तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत जाता येतं. कलम 36 मध्ये किमान 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 20,000 ते 50,000 रुपये दंड आहे.

कमिटीच दाद देत नसेल तर सभासदाने आधी सेक्रेटरीकडे पोचेची प्रत लेखी मागावी, आणि ती मिळाली नाही तर फोटो जोडून थेट अग्निशमन विभागाला अर्ज करावा. वकील लागत नाही.

कोटेशन मात्र मे-जूनमध्येच मागवा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एजन्सीचा माणूस एकामागून एक इमारती उरकत असतो, आणि पंप चालवून बघायला ना त्याला वेळ असतो ना सेक्रेटरीला.