विधिलिखित नायक आणि सामान्य नायक (व्हिडिओ गेम)

जगावरचे संकट निवारण्याचे काम खेळाडूच्याच पात्राकडे का येते, या प्रश्नाची व्हिडिओ गेममधली दोन रूढ उत्तरे. विधिलिखित नायकाकडे ते वंश, भाकीत किंवा जन्मजात शक्तीमुळे येते. सामान्य नायकाकडे नोकरी, योगायोग किंवा नाइलाजाने.

पहिला प्रकार रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखादे पात्र होऊन त्याची ताकद वाढवत नेण्याच्या खेळांत, लवकर रुळला. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा (१९८६) नायक प्राचीन वीराचा वंशज आहे, एवढे सांगितले की राजा अनोळखी मुलावर विश्वास का टाकतो हे वेगळे पटवावे लागत नाही. मात्र हे निवडलेपण नियमांत दिसायला हवे. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) ज्या जादुई आरोळ्यांसाठी डोंगरावरचे साधक वर्षानुवर्षे तप करतात, त्या नायक मेलेल्या ड्रॅगनचा आत्मा शोषून झटपट मिळवतो. घोळ होतो तो वेळेचा. जगबुडी तोंडावर आली म्हणतात, आणि नायक जडीबुटी गोळा करत महिनोन्महिने हिंडला तरी ती खुशाल थांबून राहते.

सामान्य नायकाच्या ‘फॉलआउट’ने (१९९७) नेमके इथे घड्याळ लावले. अणुयुद्धातून वाचलेल्यांच्या भूमिगत आश्रयघरातल्या पाणीशुद्धी यंत्राची चिप आणायला खेळातले १५० दिवस मिळतात. चुकलात तर खेळ संपतो. गंमत म्हणजे त्याच्याच पुढच्या भागात नायकाला थेट ‘निवडलेला’ म्हणून हाक मारतात. ‘पेपर्स, प्लीज’मध्ये (२०१३) नायकाचे नाव कामगार सोडतीत निघते आणि तो सीमेवरचा कागदपत्र-तपासनीस होतो. सीमेवर तपासलेल्या दर माणसामागे ५ क्रेडिट, रोजच्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद, तिसरीपासून दंड. त्यातून घरभाडे, अन्न आणि ऊब भागवायची. इथे सामान्यपण संवादांपेक्षा हिशेबातून जास्त कळते.

सामान्य नायकाची खरी अडचण लढाईत येते. लढून मिळणारे अनुभवगुण वाढत जातात, त्यांबरोबर ताकदही, आणि कालचा कारकून विसाव्या तासाला शेकडोंना लोळवतो. ‘किंग्डम कम: डिलिव्हरन्स’ (२०१८) यावर उपाय म्हणून लोहारपुत्र हेन्रीला सुरुवातीला तलवार धड चालवू देत नाही, वाचताही येत नाही, ते शिकावे लागते, तोवर पुस्तकातली अक्षरे उलटसुलट दिसतात. पण पुढे त्याचा जन्मदाता सरदार निघतो. ही पळवाट लेखकांना फारच आवडते.

या दोन प्रकारांच्या सीमारेषेवरचे खेळ जास्त धीट. ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’च्या (१९९२) नायकाला वडिलांनी मागे ठेवलेली दैवी तलवार सापडते, पण ती त्याला चालवता येत नाही, कारण खरा वीर त्याचा मुलगा आहे. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) राजवंश मार्टिनचा, खेळाडू त्याच्यासाठी राबतो. ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) भाकिताचा पुरुष म्हणून आधी येऊन फसलेल्यांची भुते गुहेत भेटतात, त्यामुळे खेळाडू खरा की भाकिताच्या मापात बसवलेला, हे शेवटपर्यंत उघडे राहते. कथेला आवश्यक पात्र ठार केलेत तर भाकिताचा धागा तुटल्याची सूचना येते: जुना सेव्ह (आधी साठवलेला खेळ) उघडा, नाहीतर या बुडालेल्या जगातच पुढे खेळा.