बक्षीसपत्रात न लिहिलेली ओळ

फुईचं बक्षीसपत्र चार पानांचं आहे. कापड दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं, पिशवी पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी आता तिच्या लेकीच्या घरी पलंगाखाली. दुसऱ्या पानावर मजकूर आहे : ‘मुलाविषयी असलेल्या नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, सदर मिळकत राजीखुशीने बक्षीस दिली असे.’ खाली अंगठा. आई मरेपर्यंत याच घरात राहील आणि थोरला तिला सांभाळील, हे त्या दिवशी दस्त करायला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चार पानांत ते कुठेही नाही.

खान्देशात आत्याला फुई म्हणतात. माझी ही फुई अमळनेर तालुक्यातल्या एका गावात धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात पंचावन्न वर्षं राहिली. पुढे ओटा, मागे खळं, कडेला गोठा. दस्तानंतर दीड वर्षाने तिची खाट मधल्या घरातून गोठ्याशेजारच्या पडवीत गेली. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ती धुळ्याहून परतली, तर दाराला नवं कुलूप. डोळ्याला हिरवी पट्टी, हातात औषधांची पिशवी आणि तोंडी एकच वाक्य : “मनं घर शे, मी कथा जाऊ?” माझं घर आहे, मी कुठे जाऊ? आज घर परत मिळावं म्हणून तिचा अर्ज प्रांतांपुढे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे, आहे. थोरल्याच्या लेखी उत्तरात दोन मुद्दे आहेत. बक्षीसपत्राला काही अट नव्हती, आणि आईला पोसायची जबाबदारी बहिणीचीही आहे. दोन्ही मुद्द्यांमागे मोठा इतिहास आहे.

आपल्याकडे वाटणी व्हायची तेव्हा म्हाताऱ्यांसाठी एक तुकडा बाजूला निघे. त्याला जिवाई म्हणत. जो आईबापाला खाऊ घालील त्याने जिवाई कसायची, आणि घरही बहुधा त्याच्याकडेच राहायचं. घर आणि सांभाळ हा एकच व्यवहार होता आणि तो पंचांसमक्ष बोलला जायचा. पंच, भाऊबंद, ओट्यावर बसलेली चार माणसं हीच त्याची नोंद. मुलगा फिरला तर तीच माणसं त्याला पारावर विचारायची. ही रीत सगळीकडे मायेची होती असं मला म्हणायचं नाही. विधवेच्या वाट्याला नुसतं अन्नवस्त्र यायचं, आणि तेही उपकार केल्यासारखं. पण सांभाळ सुटला तर घरावरचा हक्कही सैल होतो, एवढं सर्वांना समजत होतं.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि पुढे मिळकतीचे वाद दिवाणी कोर्टात जाऊ लागले. वृद्ध आईबापांना पोसणं हे मुलाचं कर्तव्य, वडिलार्जित काही मिळो न मिळो, असं जुनं धर्मशास्त्र सांगत होतं आणि कोर्टंही ते मानत. मात्र झटपट पोटगी देणारं फौजदारी कलम, १८९८ च्या संहितेतलं ४८८, फक्त बायको आणि मुलांसाठी होतं. आईबाप त्यात नव्हते. घराचा दावा एका कोर्टात आणि भाकरीचा दुसरीकडे, ही फाळणी तिथली. ती आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की आजही लोक विचारतात, “प्रॉपर्टीची केस आहे का पोटगीची?” फुईची केस दोन्हींची आहे.

बाईच्या नावावरचं घर ही गोष्टसुद्धा तशी अलीकडची. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने ती पुरी मालक झाली. त्याच वर्षीच्या दत्तक व पोटगी कायद्याने वृद्ध आईबापांचा भार मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकला. १९७३ च्या नव्या फौजदारी संहितेत, १२५ व्या कलमात, आईबाप पहिल्यांदा आले. त्या कलमात ‘त्याचे’ असा पुल्लिंगी शब्द होता, म्हणून लग्न झालेली मुलगी सुटते का, हा प्रश्न कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८७ मध्ये निकाल लागला : मुलीचीही जबाबदारी आहे.

थोरल्याच्या दुसऱ्या मुद्द्याचं मूळ इथे आहे आणि कायद्याने तो बरोबरही आहे. पण त्याची दुसरी बाजू खान्देशातल्या प्रत्येक माहेरवाशिणीला ठाऊक आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो जन्माने मिळतो, त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. आणि आमच्याकडे मुली काय करतात? हक्कसोड करतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायचं, झोका बांधायचा, तर भावाशी वाकडं कसं घ्यायचं? फुईच्या लेकीनेही वडिलांच्या शेतावर सही करून दिली. वाटा सोडताना ती परक्या घरची होती. आई दारात आली तेव्हा कायद्याने सारखी जबाबदार. त्याबद्दल तिने आजवर एक शब्द काढलेला नाही, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं.

मग घर एवढं मोलाचं कधी झालं? धाब्याच्या घराला बाजारभाव नव्हता. मुलं तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेला जात, उधना-लिंबायतमध्ये खोली घेत. पुढे पुणे, नाशिक. अमळनेर आणि धुळ्याच्या प्रताप गिरण्या बंद पडल्यावर जाणारे वाढले. फुईचा धाकटाही सुरतेलाच आहे. गावात राहिलेल्या एका मुलाच्या पदरात आईबाप पडले आणि त्याला वाटू लागलं, करतो मी तर घरही माझंच. हे वाटणं अन्यायाचं आहे असं मी म्हणणार नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारा तोच असतो.

कागद मात्र नव्हता. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ असायचा, आणि ती कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने गावठाणं मोजली गेली, प्रॉपर्टी कार्डं आली. फुवांच्या मागे घर फुईच्या नावावर लागलेलं होतं. कार्डही तिच्याच नावाने आलं. कार्ड हातात पडलं त्या महिन्यात थोरल्याने दस्ताचा विषय काढला. राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, अशी सवलत महाराष्ट्रात २०१५ पासून आहे. मृत्युपत्र केलं असतं तर ते फुईला कधीही बदलता आलं असतं आणि मरेपर्यंत घर तिचंच राहिलं असतं. बक्षीसपत्राने ते त्याच दिवशी गेलं. हा फरक तिला कोणी समजावला नाही. मीही नाही, मला दस्ताचं कळलं ते पेढे आले तेव्हा.

घर आणि सांभाळ हे दोन धागे कायद्यात पुन्हा एकत्र आले ते २००७ मध्ये. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियमाला २९ डिसेंबर २००७ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज, निकालासाठी नोटीस बजावल्यापासून ९० दिवस आणि फार तर आणखी ३०, पोटगी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत, अपील जिल्हाधिकारी पातळीवर. वकील नको, असं १७ वं कलम म्हणतं. पुढे काही उच्च न्यायालयांनी वकिलांना मुभा दिली.

खरा जीव २३ व्या कलमात आहे. आपल्या सोयी-गरजा घेणाऱ्याने भागवाव्यात या अटीवर ज्येष्ठाने मिळकत दिली आणि त्याने ते केलं नाही, तर ते देणं फसवणुकीने किंवा दबावाखाली झालं असं धरून रद्द करता येतं. जिवाईमागचा जुना विचार असा कायद्यात परत आला, पण दोन कुंपणांसह. दस्त कायदा लागू झाल्यानंतरचा हवा. आणि ‘या अटीवर’ हे शब्द.

त्या शब्दांवरच पुढची सारी लढाई झाली. ६ डिसेंबर २०२२ ला सुदेश छिकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की देणं सांभाळाच्या अटीवर होतं हे मांडावं आणि सिद्ध करावं लागेल. मुलांना मायेने दिलं म्हणजे अट आपोआप आली असं होत नाही. थोरल्याच्या वकिलाने हाच निकाल जोडला आहे. २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित खटल्यात त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईला घर परत दिलं. हा कायदा वृद्धांच्या भल्याचा आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा, आणि न्यायाधिकरण ताबाही देववू शकतं, असं तो निकाल सांगतो. तिथे मात्र आईपाशी एक कागद होता. मुलाने त्याच दिवशी वचनपत्र लिहून दिलं होतं : मरेपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर घर परत घे.

सूनबाईचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने सुनेला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. वृद्धांचा कायदा पुढे करून तिला सरसकट बाहेर काढता येत नाही, दोन्ही कायदे मिळून वाचायला हवेत, असं १५ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने वनिता खटल्यात सांगितलं. फुई म्हणते, सून राहू दे, मला माझी खाट मधल्या घरात हवी.

फुईपाशी वचनपत्र नाही. पण दस्ताच्या आदल्या रात्री ओट्यावर बैठक झाली होती. धाकटा सुरतेहून आला होता, तो आता बोलायला तयार नाही. शेजारचे आबा तिथे होते. त्यांना नीट ऐकू येत नाही, पण थोरला आईच्या पायाला हात लावून काय म्हणाला होता, ते त्यांनी शब्द न चुकवता सांगितलं. आम्ही त्यांचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं आहे. पुढच्या तारखेला ते एसटीने येणार आहेत.