पंधरा इंच आले कुठून? जुनी आउटबोर्ड मोटर आणि बोटीची मागची फळी

१९५०च्या आसपासची आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे टांगायचे इंजिन, आजच्या फायबरच्या बोटीवर चढवली की पहिल्याच फेरीत ठरलेली तक्रार येते. इंजिन किंचाळते, मागे पांढरा फेस उठतो आणि बोट मात्र रेंगाळते. दोष बहुधा मोटरीचा नसतो. तिचा पाण्यात उतरणारा पाय १५ इंचांच्या फळीसाठी बेतलेला असतो आणि बोटीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, २० इंच उंच असते. पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाच इंच वर राहतो आणि पाण्याऐवजी हवा ओढतो.

हे माप वल्ह्यांच्या होडीतून आले. काढता-घालता येणारे यंत्र होडीच्या मागे टांगायची कल्पना तशी जुनी. गुस्ताव त्रूवे या फ्रेंच माणसाने १८८१मध्ये पॅरिसला सेन नदीत विजेवर चालणारे तसले यंत्र फिरवून दाखवले होते. पेट्रोलची बाजारात खपलेली मोटर मात्र अमेरिकेतली. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने १९०५मध्ये चाचण्या घेतल्या आणि १९०७मध्ये पेटंट मिळवले. मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडची मोटर १९०९ची: दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो. उभा शाफ्ट, तळाशी तिरप्या दात्यांचे गिअर, त्यापुढे पंखा. आजही हीच मांडणी आहे. ही यंत्रे ज्यांच्यासाठी बनली ते गळ टाकणारे, तलावावर सुट्टीला येणारे लोक. त्यांच्या होड्यांची मागची फळी ठेंगणी, साधारण १५ इंचांची. मोटरी त्या मापाने घडत गेल्या आणि तेच पुढे प्रमाण झाले.

त्या काळी उंचीचा फारसा घोळ नव्हता. होडी तासाला चार-पाच मैल चालायची. एवढ्या वेगात नाव पाणी बाजूला सारत जाते, ट्रान्समला टेकलेले पाणी तळापेक्षा बरेच वर असते आणि पंखा बुडालेलाच राहतो. इंचभर इकडेतिकडे झाले तरी चालून जाई.

मोटरी हलक्या झाल्या तेव्हा गणित बदलले. १९२१मध्ये एव्हिनरूडने ॲल्युमिनियमची दोन सिलिंडरची एल्टो काढली; पाठोपाठ जॉन्सन बंधूंची ३५ पौंडांची, दोन अश्वशक्तीची मोटर आली. त्या दशकाच्या उत्तरार्धात ताकद एवढी वाढली की हलक्या बोटी पाणी कापायच्या सोडून पाण्यावर घसरू लागल्या. घसरत्या बोटीचे पाणी ट्रान्समच्या खालच्या कडेवरून सरळ निसटते. फळीमागे वर चढलेले पाणी उरत नाही. पंख्याला मिळते ते तळाच्या रेषेखालचेच. तेव्हापासून उंची पाण्याच्या पातळीवरून न धरता तळावरून धरायची, हा नियम आला.

या मापाची खूण म्हणजे पंख्याच्या वरची आडवी पत्रा-पट्टी. तिला सगळे ‘कॅव्हिटेशन प्लेट’ म्हणतात आणि ते नाव चुकीचे आहे. कॅव्हिटेशन म्हणजे दाब फार उतरल्याने पंख्याच्या पात्यावर पाण्याचीच वाफ होणे; १८९०च्या दशकात वाफेच्या जलद जहाजांवर ही डोकेदुखी निघाली. पट्टी अडवते ते दुसरेच: वरून ओढली जाणारी हवा. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुटुंबाला घेऊन फिरायच्या बोटी वाढल्या, मोटरी जड झाल्या आणि ठेंगण्या फळीवरून मागची लाट आत येऊ लागली. यावर दोन उपाय निघाले. एकात फळी १५ इंचांवरच कापायची आणि तिच्यापुढे आत एक कुंड ठेवायचे. आलेले पाणी तिथूनच बाहेर पडते. दुसऱ्यात फळी २० इंच करायची आणि मोटरीला लांब पाय द्यायचा. दुसरी रीत टिकली. जुन्या मोटरी बहुतेक आखूड पायाच्या, नव्या बोटी बहुतेक उंच फळीच्या, हा आजचा बेबनाव तिथला.

बसवताना आधी बोटीचे माप घ्या: फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत, मधोमध, ओळंब्यात. फीत तिरक्या फळीला लावून धरली आणि फळी १२ अंश कललेली असली, तर १५ इंचांत तिसरा हिस्सा इंच जास्त दिसतो. मग मोटरीचे माप: फळीवर बसणाऱ्या कमानीच्या आतल्या कडेपासून पट्टीपर्यंत. सरळ रूळ तळाला लावून मागे काढा. घसरणाऱ्या बोटीत पट्टी रुळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. जुन्या लाकडी बोटीला बाहेर काढलेला पठाण, म्हणजे तळाच्या मधोमध जाणारा लाकडी कणा, असेल, तर त्यामागचे पाणी घुसळलेले येते; तिथे आणखी अर्धा ते एक इंच खाली घ्या.

फळी १३ इंचांची निघाली तर १५ इंची मोटरीची पट्टी दोन इंच खाली जाते. फळीच्या वरच्या कडेवर इंचभर जाडीचा सागवानी ठोकळा बसवा. कमानीचे स्क्रू मात्र ठोकळ्यावर नव्हे, खालच्या मूळ फळीवर आवळले गेले पाहिजेत. फळी १८ इंचांची असेल तर पट्टी तळाच्या तीन इंच वर राहते. मग मध्ये खाच कापणे किंवा लांब पायाची मोटर शोधणे, एवढेच मार्ग. खाच कापली की फळीची ताकद जाते. आतून १८ मिलिमीटरची मरीन प्लाय जोडा, ८ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट आरपार घाला, मोठे वॉशर वापरा आणि प्रत्येक भोक सीलंटने बुजवा. कमानीच्या क्लॅम्पचे तोंड किती उघडते ते प्लाय चिकटवण्याआधी पाहा. नंतर पाहणारेच जास्त.

मोटर वर राहिली तर वळणावर पंखा हवा ओढतो, इंजिनाचा वेग सुटतो, शिअर पिन (पंखा शाफ्टला जोडणारी, जोर आला की मोडणारी खिळी) तुटते आणि थंड करणारे पाणी आत घेणारे तोंड उघडे पडले तर सिलिंडर तापते. जुन्या मोटरींना वेग रोखणारे काही नसते, म्हणून हा दोष महागात पडतो. फार खाली गेली तर पायावरून तुषार उडतात, ओढ वाढते, बुडालेल्या एक्झॉस्टवर दाब येऊन इंजिन सुरू व्हायला कुरकुरते, आणि कार्बोरेटर लाटेच्या जवळ येतो. चाचणी नेहमीची माणसे व सामान नेहमीच्या जागी ठेवूनच घ्या: पूर्ण वेग, मग दोन्ही बाजूंना घट्ट वळण. मोटरीचा कल पिनच्या भोकांनी असा लावा की चालत्या बोटीत शाफ्ट उभा राहील.

ब्रिटिश सीगलला हा नियम जसाच्या तसा लावू नये. १९३१मध्ये इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनला सुरू झालेली आणि पुढे पूल या गावी गेलेली ही मोटर संथ, जड नावेसाठीच आहे. तिचा मोठा पंखा सावकाश फिरतो आणि पाणी फेकणारा पंप खाली गिअरबॉक्सजवळ असतो. तो केंद्रोत्सारी असल्याने स्वतः पाणी वर ओढून घेत नाही. बुडालेला असला तरच चालतो. एकटा माणूस पुढे सरकला आणि मागची बाजू उचलली गेली तरी पंप आणि पंख्याची टोके पाण्यातच राहतील, एवढी ती खाली हवी. आखूड सीगल लांब करायची तर बाहेरची नळी, शाफ्ट, पाण्याची नळी आणि एक्झॉस्टची नळी, चारही बदलावे लागतात. तीनच बदलून जुळवणारे नंतर चौथी शोधत बसतात.

दोन्ही टोके निमुळती असलेल्या आपल्या होड्यांना फळीच नसते. ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, बाजूला आडव्या ब्रॅकेटवर टांगला की होडी डोलताना एका कुशीवर पंखा वर येतो. म्हणून तिथे उंची उभ्या होडीत ठरवून भागत नाही. मोटरीच्या उलट बाजूला दोन माणसे बसवा, होडी कलू द्या, आणि तरीही पंख्याची वरची टोके बुडालेली राहतील तिथे ब्रॅकेटचे बोल्ट आवळा.