पोळ्याची हौस आणि उरलेला पैसा

‘हौस उरल्या पैशातून करावी, तिच्यासाठी आधीच पैसा बाजूला काढणे म्हणजे उधळपट्टीला आमंत्रण’, हा समज विदर्भातल्या गावांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्याच्या समर्थनार्थ अंथरूण पाहून पाय पसरण्याची म्हणही सांगितली जाते. ती म्हण अंथरूण मोजायला सांगते, पाय आखडायला नव्हे.

मुळात पैसा उरतच नाही. कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि जूनमध्ये बियाणे-खतात संपतो. पोळा मात्र श्रावण अमावस्येला, म्हणजे पिके शेतात उभी आणि खिसा रिकामा असताना येतो. तरीही झूल, घुंगरमाळा, बेगड, हिंगूळ, पुरणपोळी आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन दारी येणाऱ्या पोरांना द्यायचा बोजारा (खाऊ-पैसे), यांतले काहीच टळत नाही. टळते ती फक्त आधीची तरतूद, आणि मग उधारी होते.

समजा, हा खर्च 6,000 रुपये आहे. तो महिन्याला शेकडा 3 रुपये व्याजाने काढून चार महिन्यांनी कापूस विकल्यावर फेडला, तर 720 रुपये केवळ व्याजात जातात. हीच रक्कम डिसेंबर ते जुलै दरमहा 750 रुपयांप्रमाणे वेगळ्या खात्यात साठवली, तर व्याज शून्य. शिवाय हौसेला आकडा ठरल्यामुळे बाजारात हात आपोआप आवरतो. सावकाराचे जुने कर्ज डोक्यावर असेल, तर मात्र आधी ते फेडणेच योग्य; तोवर झूल गेल्या वर्षीचीच चालेल, बैलाची त्याला हरकत नसते.